चौदाशे ग्रॅमची पेशंट

सोलापुरात मी अठ्ठावीस वर्षं भूल दिली. नवऱ्याच्या मित्रांना या वाक्यावर कोट्या करायला फार आवडायचं, त्यामुळे आमच्या घरी चहाला साखर कमी आणि विनोद जास्त असत. पण धंदा म्हणून हे काम नेमकं काय असतं, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. पेशंटनासुद्धा नसे. ऑपरेशन झालं की पेढे सर्जनला, हळदीकुंकवाचं बोलावणं सर्जनच्या बायकोला. मी समोरून गेले तर पेशंटचा नातेवाईक विचारायचा, "सिस्टर, लघवीचं भांडं कुठं मिळेल?" मी भांडं दाखवायची.

मजेशीर गिऱ्हाइकंही भेटली. तालमीतला एक पहिलवान हर्नियासाठी आला होता. मी म्हटलं, "दहापर्यंत आकडे मोजा." तो म्हणाला, "बाई, मी शंभरपर्यंत जातो, तुमी बघाच." चारला घोरायला लागला. एक कापडाचे व्यापारी टेबलावर चढण्याआधी हळूच म्हणाले, "भुलीत माणूस खरं बोलतो म्हणतात. आमच्या मंडळींना तेवढं घरी पाठवता का?" मी पाठवलं. भुलीत ते फक्त उधारीवर माल नेणाऱ्या एका इसमाला शिव्या देत होते.

आता काम काय, ते एका वाक्यात सांगते. सर्जन माणसाला कापतो, आणि कापलेलं माणूस तोवर जिवंत राहील हे बघायचं ते मी. झोपवणं हा त्यातला सोपा भाग. श्वास चालू ठेवणं, नाडी राखणं, अंग गार पडू न देणं आणि शेवटी त्याला परत आणून त्याच्या माणसांच्या हवाली करणं, हे खरं काम. हे मी हजारो वेळा केलं असेल, पण जिच्याविषयी लिहावं असं मनापासून वाटतं ती पेशंट एकच. तिचं जन्माचं वजन चौदाशे ग्रॅम होतं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, साठ-सत्तर खाटांचं. डॉ. बिराजदार हे आमचे सर्जन. मुंबईला छातीच्या ऑपरेशनांचं शिक्षण घेऊन आले होते आणि इथं क्षयाने सडलेली फुप्फुसं, छातीत साठलेला पू असली कामं करायचे. उंच, धिप्पाड, आवाज असा की आउटडोअरला कुणाला रागावले तर वॉर्डातले पेशंट औषध घ्यायचे. सिस्टर शांता गायकवाड ऑपरेशन थिएटर सांभाळायच्या. बिराजदारांना न घाबरणारं हॉस्पिटलात एकच माणूस होतं, ते त्या.

एप्रिलच्या शेवटी महादेवी नावाची एकोणीस वर्षांची मुलगी बाळंत झाली, दिवस भरायच्या दोन महिने आधी. नवरा सिद्राम होटगीला रेल्वेत गँगमन होता. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. सोबत तिची आजी होती, गुरव्वा. नऊवारी, कपाळाला विभूतीचे पट्टे, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. मुलगी झाली होती. हाताच्या पंजावर मावेल एवढी. कापसाच्या घडीत गुंडाळून तिला दिव्याच्या उबेत ठेवलं आणि आईचं दूध ड्रॉपरने पाजायला सुरुवात केली. गुरव्वा तिला "सण्ण कूसु" म्हणायची, म्हणजे बारकं बाळ. तेच तिचं वॉर्डातलं नाव पडलं.

पाचव्या दिवशी कूसु धापा टाकू लागली. चार थेंब दूध घेतलं की दमायची, कपाळावर घाम यायचा. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मला हाक मारली, "मॅडम, जरा ऐका." मी ऐकलं. ठोक्यांच्या मागे अखंड घरघर. पुस्तकात या आवाजाला यंत्राचा आवाज म्हणतात. गिरण्यांच्या गावात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पोटात असताना बाळाची फुप्फुसं बंद असतात, म्हणून हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक आखूड नळी असते. रक्त फुप्फुसांना वळसा घालून तिथून जातं. जन्मानंतर ती आपोआप मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत कधीकधी मिटत नाही. मग रक्त उलटं फुप्फुसांत शिरत राहतं. फुप्फुसं ओली होतात, हृदय थकतं. औषधं असतात, ती दिली. दहा दिवस दिली. वजन चौदाशेवरून साडेबाराशेवर आलं आणि नाकाजवळची ऑक्सिजनची नळी काढली की ओठ निळे व्हायला लागले. हृदयाजवळची ती आखूड नळी बाहेरून बांधून टाकणं एवढाच उपाय उरला होता. म्हणजे छाती उघडून ऑपरेशन. आणि तसलं ऑपरेशन एवढ्या बाळावर आमच्या भागात कुणी केलेलं नव्हतं.

"मुंबईला पाठवा," मीच आधी म्हटलं.

बिराजदारांनी नकाराची मान हलवली. मागच्या वर्षी असंच एक बाळ आम्ही मुंबईला पाठवलं होतं. मुलगा होता. ऑक्सिजनचा सिलिंडर आणि एक नर्स सोबत देऊन दुपारच्या गाडीत बसवलं. केम स्टेशनाच्या अलीकडे ते गेलं. आईबाप बाळाला घेऊन केमला उतरले, ओळखीचं कुणी नाही, गाव माहीत नाही. नर्स सिलिंडर घेऊन एकटी परत आली. त्या बाळाला इथंच ठेवायला हवं होतं का, हा प्रश्न मी तेव्हा मोठ्याने विचारला नाही.

बिराजदारांनी मुंबईला आपल्या गुरूंना ट्रंककॉल लावला. अडीच तासांनी लागला. मी शेजारीच उभी होते. पलीकडचा म्हातारा आवाज खरखरत येत होता. "आणू नकोस, वाटेत जाईल. क्षयाच्या छात्या उघडतोस ना? मग हीही उघड. नळी कुठं असते तुला शिकवलंय." मग त्यांनी विचारलं, "पण भूल कोण देणार?"

बिराजदारांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"आहेत एक," ते फोनवर म्हणाले.

मी तोवर दिलेल्या भुलीतलं सगळ्यात लहान बाळ साडेतीन किलोचं होतं. या बाळाच्या अंगात सगळं मिळून चहाच्या कपाएवढं रक्त. एका श्वासाला दोन चमचे हवा. छाती उघडली की ती स्वतः श्वास घेऊ शकणार नाही, मला रबराची पिशवी हाताने दाबून मिनिटाला चाळीस वेळा तेवढीच हवा आत द्यायची. कमी दिली तर गुदमरेल, जास्त दिली तर फुप्फुस फुटेल. श्वासनळीत घालायची सगळ्यात बारीक नळी माझ्याकडे एकच होती, शिकत असताना मुंबईहून आणलेली. ती शाबूत होती. अंदाज मात्र हाताला नव्हता, आणि तो पुस्तकात मिळत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी मटण मार्केटात गेले. जन्मात पहिल्यांदा. आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद असायचा. पदर नाकाला लावून एका दुकानासमोर उभी राहिले. दुकानदार चाचा दाढीला मेंदी लावलेले, समजूतदार दिसले.

"चाचा, फुप्फुस पाहिजे. सगळ्यात लहान बकऱ्याचं. वरच्या नळीसकट."

"फेफडा? हौ, मिलता. तुकडे करूं?"

"नको नको, अख्खं. भोक पडता कामा नये."

"पकाना कैसा फिर अख्खा?"

"शिजवायचं नाही. फुगवायचंय."

चाचांनी सुरा खाली ठेवला. शेजारच्या दुकानदाराला हाक मारून म्हणाले, "अरे सुन, बाई फेफडा फुगाने कू ले जारइ!" मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "घर में सब खैरियत है ना?"

मी बाळाची सगळी गोष्ट सांगितली. ते ऐकत गेले आणि सुऱ्याचं पातं पुसत गेले. मग आत जाऊन करडाचं फुप्फुस घेऊन आले, धुऊन, केळीच्या पानात बांधून. पैसे काही केल्या घेतले नाहीत. "कल भी आव," म्हणाले, "परसूं भी आव. हाथ बैठने तक आव."

तीन दिवस गेले. हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत मी फुप्फुसाला नळी बांधून पिशवी दाबत बसायची, मनात आकडे मोजत. ते बाळाच्या मानाने बरंच मोठं होतं, पण दोन बोटं आणि अंगठा यांच्यात किती जोर म्हणजे किती हवा, हे हाताला उमगत गेलं. पहिल्या दिवशी एक फोडलं. सिस्टर शांता दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "आज फुटलं ते बरं झालं."

घरच्यांची संमती घ्यायला मी आणि बिराजदार दोघंही गेलो. बिराजदारांनी गुरव्वाला कन्नडमध्ये सगळं सांगितलं, वाचण्याची खात्री नाही हेही सांगितलं. महादेवी नुसती रडत होती. सिद्राम खाली मान घालून उभा होता. गुरव्वाने ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "त्ये कापनार, कळलं. तुमी काय करनार?"

"ते कापतील तोवर मी तिला श्वास देणार."

"तुमच्या त्वांडानं?"

"नाही आजी, हातानं. पिशवी आहे."

तिने माझा हात हातात घेतला, उलटा करून बघितला, भाकरी थापणाऱ्या बाईने दुसरीचा हात जोखावा तसा. "लई बारीक हाय हात," म्हणाली. "पन बाळबी बारीकच हाय की. करा."

सिद्रामचा रक्तगट जुळला. रक्त द्यायचं म्हणून तो घरून सहा भाकरी खाऊन आला होता आणि आपल्या अंगातलं सगळंच काढतील अशा तयारीने खाटेवर आडवा झाला होता. आम्ही अर्धी वाटी घेतलं. "एवढंच?" त्याचा चेहरा उतरला. "आनि घ्या की वो. माझ्यात लई हाय."

आता सगळ्यात मोठी काळजी थंडीची. मे महिन्याच्या सोलापुरात थंडीची काळजी हे वाचून हसाल, पण एवढ्या बाळाच्या अंगावर चरबी नसते. छाती उघडली की ते बघता बघता गार पडतं, आणि गार पडलेलं हृदय थांबतं. मोठ्या शहरांतल्या थिएटरांत त्यासाठी गरम गाद्या असतात. आमच्याकडे काय होतं? आमच्याकडे सोलापूर होतं. मी म्हटलं, ऑपरेशन सकाळी नको. बारा वाजता घ्या. एसी बंद, पंखे बंद.

बिराजदारांचा तो लाडका एसी देणगीतून मिळालेला होता. "मॅडम, मी वितळून जाईन!"

"वितळा. पण टेबलाच्या बाहेर वितळा."

गिरणीचा बाराचा भोंगा झाला तेव्हा सगळं गाव सावलीला गेलं होतं आणि आम्ही पाच माणसं बंद खोलीत, अंगावर गाऊन, तोंडाला मास्क अशी उभी होतो. कूसुचे हातपाय कापसात गुंडाळलेले, फक्त छातीची डावी बाजू उघडी. श्वासनळीतली नळी पहिल्या खेपेला बसली, हे माझं नशीब. एक जुना स्टेथोस्कोप कापून त्याची चकती मी तिच्या छातीला चिकटवली होती आणि लांब नळीचं दुसरं टोक माझ्या कानात. तेव्हा आजच्यासारखे पडदे आणि हिरव्या रेघा नव्हत्या. ती जिवंत आहे की नाही हे त्या खोलीत फक्त माझ्या एका कानाला कळत होतं. सिस्टर शांतांचा एक हात कापडाखाली, तिच्या जांघेतल्या नाडीवर. एका नर्सकडे सराफाकडून मागून आणलेला काटा, रक्ताने भिजलेला प्रत्येक बोळा तोलायला. दुसरी फक्त बिराजदारांचा घाम पुसत होती, आणि ते काम काही थोडं नव्हतं.

बिराजदारांनी छाती उघडली. एरवी बादलीएवढा आवाज असलेला हा माणूस त्या दिवशी कुजबुजत होता. फुप्फुस बाजूला सारलं आणि माझ्या कानातले ठोके अडखळले. टक-टक-टक होतं, ते टक... टक... झालं.

"हात काढा!"

त्यांनी काढला. मी दाबत राहिले. दोन बोटं, अंगठा. ठोके परत आले. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी परत यायला जास्त वेळ लागला. किती ते सांगता येणार नाही, कारण घड्याळाकडे बघायची हिंमत मला झाली नाही. बिराजदारांनी मास्कवरून माझ्याकडे बघितलं. छाती बंद करून टाकू का, असा तो प्रश्न होता.

"पुन्हा करा," मी म्हटलं. "मी थोडं थोडं दाबते, तुम्ही मधल्या वेळात सरका. माझ्या आकड्यावर."

मग मी मोठ्याने मोजायला लागले आणि ते त्या मोजण्याच्या फटीतून काम करायला लागले. मी दाबलं की ते थांबत, मी सोडलं की त्यांची बोटं सरकत. असे किती आकडे गेले कोण जाणे. शेवटी ते पुटपुटले, "मिळाली. दोऱ्याखाली आहे." चुकून भलतीच वाहिनी बांधली तर बाळ टेबलावरच जाणार, म्हणून गाठ मारण्याआधी नुसती चिमटीत धरून जांघेतली नाडी टिकते का ते बघायचं असतं. त्यांनी धरली.

आणि माझ्या कानातला आवाज बंद झाला.

"थांबलं!" मी ओरडले.

सिस्टर शांतांनी देवाचं नाव घेतलं. काटा धरलेल्या नर्सच्या हातून बोळा पडला. बिराजदारांचा चेहरा मास्कच्या वर दिसत होता तेवढा पांढरा झाला. मला क्षणभर कळेना हे सगळे असे का बघताहेत.

"घरघर थांबली हो!" मी म्हटलं. "ठोके चालू आहेत. स्वच्छ चालू आहेत!"

"जांघेतली नाडी आहे," सिस्टर शांता म्हणाल्या, आणि मग बिराजदारांकडे बघून, "बांधा की आता, बघता काय?"

त्यांनी गाठ मारली. मग दुसरी मारली. मग जे काही तीन आठवड्यांचं साठलं होतं ते एकदम बाहेर पडल्यासारखे माझ्यावर गरजले, "मॅडम, पुन्हा असं ओरडलात तर तुम्हालाच भूल देईन!" हॉस्पिटलभर ऐकू गेलं असणार. बाहेर बाकावर बसलेल्या गुरव्वाने त्या आवाजावरून ओळखलं म्हणे, की काम झालं. मेलेल्या बाळाजवळ कुणी एवढं ओरडत नाही.

रक्त गेलं होतं जेमतेम दोन चमचे. सिद्रामच्या अर्ध्या वाटीतलंही निम्मं उरलं.

पण माझं काम संपलं नव्हतं. श्वासयंत्र आमच्याकडे नव्हतं. ती स्वतः नीट श्वास घेईपर्यंत पिशवी हातानेच दाबायची होती. थिएटरशेजारच्या खोलीत एक वाजल्यापासून मी दाबत बसले. मध्ये थोडा वेळ सिस्टर शांतांनी दाबली. बिराजदारांनाही दिली, पण त्यांचा हात पाहून मी लगेच परत घेतली. तीनच्या सुमाराला गुरव्वा आत आली. हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले, सिस्टरांनी डोक्याला रुमाल बांधायला लावलेला. ती माझ्या शेजारी बसली, ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा मोडला, शेंगाचटणीत बुडवला आणि माझ्या तोंडापुढे धरला.

"मी नंतर खाईन, आजी."

"तुमी तिला देता, मी तुमास्नी देते. त्वांड उघडा."

उघडलं. अर्धी भाकरी मी अशी खाल्ली, मिनिटाला चाळीस आकडे मोजत. आईच्या हातचं जेवून वीस वर्षं झाली होती.

साडेपाचला कूसुने माझ्या दोन दाबांच्या मधे स्वतःचा एक श्वास घेतला. मग आणखी एक. मी हात सैल सोडला. छाती हलत राहिली. सहाच्या आत नळी काढली, आणि तिने आवाज काढला. त्याला रडणं म्हणायचं धाडस लागेल, दाराची बिजागरी कुरकुरावी एवढाच होता. पण महादेवी दाराबाहेरून धावत आत आली. गुरव्वा म्हणाली, "छलो आतु." चांगलं झालं. एवढंच.

पुढं सगळं सरळ झालं असं नाही. एकदा ताप आला, जखम थोडी चिघळली. पण दूध पचायला लागलं आणि वजन चढत गेलं. वॉर्डातला काटा म्हणजे त्या दिवसांत देऊळ झाला होता. रोज सकाळी भोवती गर्दी. ती दोन किलोची झाली त्या दिवशी तिला घरी सोडलं. नंतर त्याच ऑपरेशनसाठी आणखी तीन बाळं आमच्याकडे आली. दोन वाचली. एक नाही. त्या एकाच्या वेळीही मी हेच केलं होतं, ह्याच हातांनी. का वाचलं नाही ते सांगता येत नाही, आणि ज्यांना सगळं सांगता येतं अशा डॉक्टरांपासून मी जरा लांबच राहते.

दीड वर्षाने एका आउटडोअरच्या दिवशी दारात गडबड झाली. एक पोर धावत आत आलं, बिराजदारांच्या टेबलावरची पट्ट्यांची डबी खाली पाडली आणि घरंगळत्या पट्टीच्या मागे खुर्चीखाली शिरलं. मागून महादेवी आली. अंगाने भरली होती, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"वळखलंव का बाई?" तिने खुर्चीखाली हात घालून पोरीला ओढून काढलं. "तुमची कूसु हाय ही."

मी पोरीचा झगा वर करून बघितलं. डाव्या कुशीवर पाठीकडं वळलेला व्रण, बोटभर. छातीला नळी लावली. स्वच्छ, खणखणीत ठोके. पोरीने नळी धरून ओढली आणि मला चावायचा प्रयत्न केला.

"छान आहे की ग," मी म्हटलं. "मग आणलीस कशाला?"

महादेवी अगदी काकुळतीला आली. "दिसभर पळती, सांच्याला पळती, डोळ्याला डोळा म्हून लागत न्हाय हिचा. मी पार मेले बगा. तुमी झोपेचं औषद देता नव्हं? कायतरी द्या की जरा."

बिराजदार खो खो हसायला लागले. मी पोरीकडे बघितलं. ती पट्टीचं टोक दातात धरून उरलेली पट्टी खोलीभर उलगडत निघाली होती.

"नाही देणार," मी म्हटलं. "हिला उठवताना किती कष्ट पडलेत, ते मला माहितीयेत."